सर्टिफिकेटच्या आधी क्रेन

ओंकार,

पुण्यात चार वर्षं एसओसीत (सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात) रात्रपाळ्या झाल्या, आता रॉटरडॅमला बंदराच्या सायबर सुरक्षेत शिरायचंय, तर कुठलं सर्टिफिकेट करू, असं विचारलंयस. ते नंतर.

२७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा व्हायरस पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार आडवा झाला. इथलं, रॉटरडॅमचं टर्मिनल ठप्प, आपल्या न्हावा-शेवाचंही ठप्प. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. डोमेन कंट्रोलरची, म्हणजे कोणाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्या सर्व्हरची, एकच धड प्रत उरली, घानात, कारण नेमकी वीज गेल्याने ते मशीन नेटवर्कवर नव्हतं. लोडशेडिंगला दुवा द्यावा असा हा एकच प्रसंग मला ठाऊक आहे!

आता युरोपच्या एनआयएस-२ नियमांनी पुरवठादारांच्या सुरक्षेकडे बघणंही बंधनकारक केलंय आणि माणसं कमी पडतात ती तिथेच. अलर्ट बघणारे मिळतात, क्रेनचा पीएलसी, म्हणजे ती चालवणारा छोटा संगणक, कळणारे मिळत नाहीत.

मलाही कुठे कळत होतं? पहिल्याच महिन्यात क्रेनवरच्या एका जुनाट विंडोज मशीनसाठी ‘आजच पॅच करा’, म्हणजे सुरक्षेचं अपडेट टाका, असा मेल ठोकला. पाळीचा मुकादम काही न बोलता मला वर घेऊन गेला. खाली जहाज लागलेलं, ट्रकची रांग गेटबाहेर. क्रेन थांबवणार कोण? पण कपाटामागे एक मोडेम लुकलुकत होता. क्रेन बनवणाऱ्या कंपनीने दुरून दुरुस्ती करायला बसवलेला, दिवसरात्र चालू, आमच्या एकाही यादीत नाही. तो गरजेपुरताच चालू करायचा, एवढं ठरवायला पाच महिने गेले. तांत्रिक काम दोन दिवसांचं. बाकी खरेदी विभाग, कंत्राटातली कलमं आणि कपांवर कप कॉफी.

म्हणून आधी कंटेनर जहाजावरून गेटपर्यंत कसा जातो ते समजून घे. मॉडबस, म्हणजे अशी यंत्रं एकमेकांशी बोलतात ती भाषा, समोरच्याची ओळखच विचारत नाही, हे घरी सिम्युलेटरवर करून बघ. आयईसी ६२४४३ हे औद्योगिक यंत्रणांच्या सुरक्षेचं मानक वाच. सर्टिफिकेट म्हणशील तर सीआयएसएसपीला पाच वर्षांचा अनुभव लागतो, पण तुझ्या संगणकाच्या पदवीमुळे एक वर्ष सुटतं. करून टाक, एचआरची चाळणी तरी पार होईल.

व्हिसासाठी कंपनी इमिग्रेशन खात्याच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे मुलाखतीआधीच तपास. तिशीच्या आत पगाराची अट कमी असते, तेव्हा फार रेंगाळू नकोस. ऑफिसात इंग्रजी चालतं, धक्क्यावर मात्र डचच.

आलास की तुलाही क्रेनवर नेतो. उंचीची भीती असेल तर आत्ताच सांग.

संदीपदादा