केस चालवली म्हणजे क्षमा केली नाही का?

“ताई, पाळकसाहेब म्हणतात, सोडून दे, क्षमा कर. मी केस चालवली तर देवाच्या नजरेतून उतरेन का?”

ख्रिस्ती समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. ही बाई पुण्यातल्या एका वस्तीतली, मूळची नगरकडची. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) नवरा एका सोसायटीच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरला, गॅस लागला, गेला. ठेकेदाराने दोन लाख आणि सहीसाठी मिटवामिटवीचा एक कागद धाडला होता.

पहिल्याच भेटीत मी चुकले. घाईने प्रार्थनेला हात जोडले. डोळे उघडले तर ती माझ्याकडेच बघत होती.

पुढच्या वेळी बायबलमधलं तेरावं स्तोत्र काढलं. पहिल्या दोन वचनांत चारदा एकच सवाल : देवा, कुठवर? “असं देवाला विचारलेलं चालतं?” म्हणाली, आणि तासभर बोलत राहिली. पोराबद्दलच जास्त. नऊ वर्षांचा तो. गल्लीतल्या चेंबरच्या झाकणावर पाय ठेवत नाही, भिंतीला घासत जातो.

धसका सगळ्या वस्तीनेच घेतला होता. म्हणून रविवारी उपासनेनंतर खुर्च्या गोल मांडून बसू लागलो. मयताचा कामावरचा जोडीदार तीन रविवार गप्प. चौथ्याला म्हणाला, “कागदावर आम्ही दलित नाही, चेंबरमध्ये उतरायला मात्र आम्हीच.” खरंच आहे. राष्ट्रपतींच्या 1950च्या आदेशामुळे ख्रिस्ती दलित अनुसूचित जातीत मोडत नाहीत, अ‍ॅट्रॉसिटीचा कायदाही त्यांच्या कामी येत नाही. अशा माणसाला ‘दीर्घ श्वास घ्या’ एवढंच सांगायला मला तरी जीभ रेटत नाही.

भरपाईत मात्र जात-धर्म आड येत नाही. गटारात मेलेल्यांच्या वारसांना 30 लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023मध्ये सांगितलंय. कागदावर सही करू नका म्हटलं आणि वकिलाशी गाठ घालून दिली.

आणि क्षमा? ती तिच्या मनात, तिच्या वेळेने होईल. ठेकेदाराच्या तारखेने नव्हे. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाच्या दारी खेटे घालते, आणि खचून न जाता प्रार्थना कशी करावी हे सांगायला येशूला तीच आठवते. हा उतारा तिने स्वतः पाळकसाहेबांना वाचून दाखवला. त्यांना अजून पुरतं पटलेलं नाही.

केस चालू आहे. पोराला मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडलंय. अजून भिंतीकडेनेच चालतो.