वाचकांचे प्रश्न : पेटीत राहिलेली संयोजने

प्रश्न : गिल इव्हान्स यांच्या संयोजनांची ‘सेंटेनियल’ ही ध्वनिमुद्रिका मी नुकतीच ऐकली. जॅझचा प्राण उपजेत, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसे वाजवण्यात आहे, असे मी आजवर वाचत आणि ऐकत आलो आहे. मग साठ-सत्तर वर्षांपूर्वी कागदावर लिहून ठेवलेले संयोजन आज पुन्हा वाजवण्यात नवे ते काय? ही जुन्या तबकड्यांची नीटनेटकी नक्कलच म्हणावी लागेल, नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नक्कल करायची तर आधी मूळ तबकडी असावी लागते, आणि या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक संयोजनांची तशी तबकडी कधी निघालीच नव्हती. गिल इव्हान्स (१९१२–१९८८) पियानो वाजवत असत, पण जॅझच्या इतिहासात त्यांचे स्थान आहे ते संयोजक म्हणून, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते लिहून देणारा, आपल्या मुंबईच्या स्टुडिओंतील भाषेत ‘अरेंजर’ म्हणून. १९४० च्या दशकात ते क्लॉड थॉर्नहिल यांच्या वाद्यवृंदासाठी लिहीत होते. नेहमीच्या बिगबँडमध्ये, म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात, पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास व ड्रम असा सतरा जणांचा ताफा असतो; थॉर्नहिल यांनी त्यात फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा आणून बसवले होते, त्यामुळे त्या वाद्यवृंदाचा आवाज कर्कश न होता धुक्यासारखा पसरत असे. पुढे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर इव्हान्स यांनी जे काम केले, त्याचे मूळ या आवाजात आहे.

ही संयोजने तेव्हाच ध्वनिमुद्रित का झाली नाहीत, याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने मानधनाच्या वादातून १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता आणि मोठ्या कंपन्यांपैकी शेवटच्या दोन कंपन्यांशी तिची तडजोड व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. १९४८ चे जवळजवळ सगळे वर्षही अशाच दुसऱ्या बहिष्कारात गेले. या काळात वाद्यवृंद नृत्यगृहांत आणि रेडिओवर रोज वाजत होते, फक्त बहुतेकांचे तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण होत नव्हते. त्यात त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावत असे, म्हणून सहा-सात मिनिटांचे संयोजन कितीही चांगले असले तरी कंपनीच्या उपयोगाचे नसे. वाद्यवृंद मोडला की त्याची कागदपत्रे कुणाच्या तरी घरी, गठ्ठ्यांत बांधलेली पडून राहत.

अमेरिकन संगीतकार रायन ट्रूझडेल यांनी इव्हान्स कुटुंबीयांच्या सहकार्याने असे कागद धुंडाळले आणि त्यांतील दहा रचना-संयोजने निवडून इव्हान्स यांच्या जन्मशताब्दीला, २०१२ मध्ये, ही ध्वनिमुद्रिका काढली. खर्चासाठी त्यांनी कंपनीकडे न जाता श्रोत्यांकडून आगाऊ वर्गणी घेतली. थॉर्नहिल यांच्यासाठी केलेल्या ‘हाउ अबाउट यू’ या संयोजनाला २०१३ मध्ये ग्रॅमी मिळाले आणि ते संयोजक म्हणून इव्हान्स यांच्या नावे जाहीर झाले, त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. पुरस्कारांचे मला फारसे कौतुक नाही, पण हा पुरस्कार वाजवणाऱ्यांना न मिळता लिहिणाऱ्याला मिळाला, हे आपल्या प्रश्नाच्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता उपजेविषयी. बिगबँडच्या संयोजनात सगळेच सूर लिहिलेले नसतात. एकल वादनाच्या जागी वादकाच्या कागदावर फक्त स्वरमेळांची (कॉर्डची) चिन्हे असतात आणि सोळा किंवा बत्तीस मात्राखंड (बार) कोरे सोडलेले असतात. ती मोकळी जागा आजचा वादक आजच्या बुद्धीने भरतो. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत छापलेली चीज, म्हणजे बंदिश, एखादा गायक गातो, तेव्हा त्याला आपण नक्कल करणारा म्हणत नाही. फरक इतकाच की चीज एका माणसाच्या गळ्यात मावते, तर बिगबँडची चीज सतरा जणांच्या सतरा कागदांवर विखुरलेली असते, आणि त्यांतील चार कागद हरवले तर ती कुणाच्याच गळ्यात शिल्लक राहत नाही.

याच ध्वनिमुद्रिकेतील ‘पंजाब’ ही रचना आपण ऐकली असेलच. इव्हान्स यांनी ती १९६४ च्या सुमारास लिहिली होती, पण त्यांच्या हयातीत ती प्रसिद्ध झाली नाही. नव्या ध्वनिमुद्रणात तिच्यात तबला आहे आणि तो वाजवला आहे तबल्याची रीतसर तालीम घेतलेले अमेरिकन ड्रमवादक डॅन वाइस यांनी. जुन्या कागदाचे नवे वादन म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण माझ्यापाशी नाही.

प्रश्न : कागद सापडला की संगीत सापडले, असे मानता येईल का? सापडलेला कागद नेमका कोणाचा आणि कोणत्या अवस्थेतला, हे कसे ठरवतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : असे मानता येत नाही आणि या कामातली खरी गंमत तिथेच आहे. जॅझ संगीतकार आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या वाद्यवृंदाचा संग्रह १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आला. एलिंग्टन चार-पाच ओळींत आटोपशीर मसुदा लिहीत. त्यावरून प्रत्येक वादकाचा सुटा कागद उतरवण्याचे काम नकलनविसाचे असे. त्या कागदांवर बरेचदा ‘पहिला आल्टो’ (आल्टो हा सॅक्सोफोनचा एक प्रकार) असे न लिहिता वादकाचे नाव किंवा टोपणनावच लिहिलेले आढळते, कारण एलिंग्टन वाद्यासाठी लिहीत नव्हते, ते माणसासाठी लिहीत होते. तो माणूस आज नाही. त्याच्या जागी बसलेल्या वादकाने त्याच्यासारखा सूर काढायचा की स्वतःसारखा, हे कागद सांगत नाही. लयही बहुतेक वेळा लिहिलेली नसते आणि ड्रमवादकाचा कागद अनेकदा नसतोच. तालमीत तोंडी फिरवाफिरव होऊन खंडांचा क्रम बदलला जाई, त्यामुळे जिथे तबकडी उपलब्ध आहे तिथेही कागद आणि तबकडी जुळतीलच असे नाही.

कर्तृत्वाचा प्रश्न याहून नाजूक आहे. संगीतकार व संयोजक बिली स्ट्रेहॉर्न (१९१५–१९६७) हे १९३९ पासून मृत्यूपर्यंत एलिंग्टन यांच्याबरोबर काम करीत होते आणि दोघांपैकी कोणी काय लिहिले, याविषयी दीर्घकाळ अंदाजच चालले होते. डच संशोधक वॉल्टर व्हान दे लूर यांनी स्मिथसोनियनमधील कागद आणि स्ट्रेहॉर्न यांच्या वारसांकडील कागद समोरासमोर ठेवून दोघांच्या हस्ताक्षरांचा बारकाईने अभ्यास केला, आणि त्यातून स्ट्रेहॉर्न यांच्या, कधीही ध्वनिमुद्रित न झालेल्या अनेक रचना पुढे आल्या. डच जॅझ ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदाने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्या ध्वनिमुद्रित केल्या. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या सावलीत वावरणारा मानले गेले, त्याचे स्वतंत्र अक्षर असे ऐकू आले.

सगळ्यांत जास्त वाद होतो तो खोडलेल्या खंडांवरून. कागदावर पेन्सिलीने आठ मात्राखंडांवर काट मारलेली असते. ती संयोजकाने मारली, वाद्यवृंदप्रमुखाने मारली, की नृत्यगृहाची वेळ संपत आली म्हणून कुणा वादकाने मारली? सूर शाईने लिहिलेले आणि काट पेन्सिलीची असेल, आणि सगळ्याच वादकांच्या कागदांवर तीच काट असेल, तर ती निदान सामूहिक निर्णयाची होती इतके कळते. कोणाच्या मनातली होती, ते तरीही कळत नाही. माझे स्वतःचे मत असे की प्रथमच ध्वनिमुद्रण होत असेल तर खोडलेला भागही वाजवावा आणि तसे केल्याचे सोबतच्या टिपणात स्पष्ट लिहावे. इतर काही जाणकारांना हे पटत नाही; तालमीत जे गळले ते गाळण्यालायकच होते, असे त्यांचे म्हणणे असते, आणि क्वचित ते खरेही ठरते.

प्रश्न : माझे आजोबा १९५० च्या दशकात मुंबईत हॉटेलांतील बँडमध्ये आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट वाजवीत असत. त्यांच्या पेटीत हस्तलिखित स्वरलिपीचे सुमारे चाळीस कागद सापडले. मी काही पियानोवर वाजवून पाहिले, पण एकही गाणे ओळखता येत नाही. हे कागद निरुपयोगी समजावेत काय? (एक वाचिका, म्हापसा)

उत्तर : कृपा करून तसे समजू नये. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी मुंबईची नृत्यगृहे आणि स्टुडिओ या दोहोंना लिहिते हात पुरवले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. सेबास्टियन डिसोझा हे शंकर-जयकिशन यांचे संयोजक होते. गाण्याची चाल श्रोत्यांना पाठ झाली, संयोजकाचे नाव मात्र बहुधा तबकडीवर छापलेच गेले नाही. म्हणूनच त्या काळातील वादकाचा प्रत्येक कागद मोलाचा आहे.

गाणे ओळखू येत नाही, याची दोन साधी कारणे संभवतात. ट्रम्पेट हे सामान्यतः बी-फ्लॅट वाद्य आहे, म्हणजे कागदावर लिहिलेला ‘सी’ त्यातून एक पूर्ण स्वरांतर खाली वाजतो. त्यामुळे पियानोवर तोच कागद वाजवला की सारे सूर एक पूर्ण स्वरांतर वर सरकतात आणि मूळ तबकडीबरोबर वाजवून ताडायला गेल्यास काहीच जुळत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ‘२’ किंवा ‘३’ असा आकडा असेल, तर आजोबा दुसरा किंवा तिसरा ट्रम्पेट वाजवीत होते आणि त्यांच्या कागदावर चाल नसून स्वरमेळातील मधला सूर आहे. तो एकटा ऐकला तर त्यात गाणे सापडत नाही. पहिल्या ट्रम्पेटचा कागद शेजारी आला की लगेच सापडते.

कागदांचा आजचा क्रम बदलू नका, पेन्सिलीच्या खुणा पुसू नका, प्लॅस्टिकच्या आवरणात पक्के बंद करू नका, आणि प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या, कारण मागच्या बाजूला पुष्कळदा दुसऱ्याच गाण्याचा भाग उतरवलेला असतो. मग आजोबांबरोबर वाजवणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी अशीच पेटी आहे का, याची चौकशी करावी.