जीभ नव्हतीच ती!

प्रश्न : प्रागच्या चार्ल्स पुलावर डोक्याभोवती पाच तारे असलेल्या संताचा पुतळा पाहिला. राणीचं गुपित फोडलं नाही म्हणून राजाने त्याला बुडवलं आणि त्याची जीभ कुजलीच नाही, असं गाइडने सांगितलं. यात खरं किती?

उत्तर : बुडवणं खरं. १३९३ साली बोहेमियाचा (आजच्या चेकियाचा) राजा चौथ्या वेन्सेस्लासच्या माणसांनी नेपोमुकच्या यानला छळून व्लतावा नदीत टाकलं. पण भांडण राणीचं नव्हतं, जमिनीचं आणि सत्तेचं होतं. राजाला क्लाद्रुबीच्या मठाच्या जागी आपल्या सोयीची नवी बिशपगादी, म्हणजे चर्चच्या प्रांतप्रमुखाची गादी, हवी होती. आर्चबिशपच्या कारभारात वरच्या पदावर असलेल्या यानने तिथे नव्या मठाधिपतीची नेमणूक पक्की करून राजाचा बेत उधळला. राणीने धर्मगुरू म्हणून त्याच्यापुढे पापांची कबुली दिली आणि ते गुपित त्याने राखलं, ही गोष्ट त्याला पुढच्या शतकात चिकटली. गोष्ट भारी होती, टिकली!

जिभेचं सांगतो. १७१९ मध्ये कबर उघडली तेव्हा कवटीत एक लालसर ऊतक सापडलं. लोकांनी ते जीभ मानलं, आणि १७२९ मध्ये यानला संतपद मिळालं. १९७३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा ते मेंदूचं ऊतक निघालं. मला तर हे जास्त आवडतं.

पुतळा १६८३ चा, म्हणजे संतपदाच्या आधीचा. चौथऱ्यावरच्या पट्टीत एक कुत्रा आहे, पाहिलात? लोकांचे हात लागून लागून तो सोन्यासारखा चकाकतो. बुडवण्याच्या प्रसंगाशी त्या बिचाऱ्याचा काही संबंध नाही.