लगच्या भोकाबद्दल

प्रिय मित्रा,

विमानाच्या पंखाच्या जोडणीच्या लगचं, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेल्या कानाचं, ड्रॉइंग आणि सोबतची आकडेमोड, दोन्ही पाहिलं. अंतिम भाराला, म्हणजे गणितात धरलेल्या सर्वात मोठ्या भाराला, लग टिकतो, मान्य. पण तेवढा भार विमानाच्या अख्ख्या आयुष्यात बहुधा एकदाही येत नाही. येतं ते रोजचं वाकणं. जमिनीवर पंख स्वतःच्या आणि इंधनाच्या वजनाने खाली झुकलेला असतो, त्याची खालची बाजू दाबली जाते. उड्डाण झालं की तोच पंख वर वाकतो आणि खालची बाजू ओढली जाते. दर उड्डाणाला असं एक मोठं आवर्तन, वर वाऱ्याच्या धक्क्यांची बारीकसारीक आवर्तनं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला पोलादासारखी ‘एवढ्या ताणाखाली थकणारच नाही’, म्हणजे पुन्हापुन्हा वाकून तडा जाणारच नाही, अशी ठाम मर्यादा नसते.

म्हणून माझा पहिला आक्षेप भोकावर. तू व्यास आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहून मोकळा झालास. रीमिंगचं, म्हणजे भोक नेमक्या मापाला गुळगुळीत करण्याचं, काय? कडेची बर, म्हणजे धातूचं धारदार कुसळ, कोण काढणार? कोल्ड वर्किंग करायचं की नाही? त्यात भोकात पातळ नळी (स्लीव्ह) घालून तिच्यातून भोकापेक्षा जाड दांडा (मँड्रेल) ओढून काढतात. भोकाभोवतीचा धातू कायमचा दाबाखाली राहतो आणि तडा पसरायला वेळ लागतो. ड्रॉइंगवर ही एक ओळ, पण लगचं आयुष्य कित्येक पटींनी वाढवणारी.

३१ डिसेंबर १९६८ रोजी ऑस्ट्रेलियात पर्थहून पोर्ट हेडलंडला निघालेल्या व्हिकर्स व्हायकाउंटचा उजवा पंख हवेतच तुटला. २६ जण गेले. स्पारच्या, म्हणजे पंखाच्या मुख्य कण्याच्या, खालच्या बूममध्ये (कडेच्या जाड पट्टीत) थकव्याचा तडा गेला होता, आणि त्याचं मूळ होतं एका भोकात बसवलेली, तोंड फाकवलेली बुश, म्हणजे धातूची छोटी नळी. बूमचं मंजूर आयुष्य संपायला बराच अवकाश होता. आयुष्याचं गणित करणाऱ्याच्या कागदावर ती बुश नव्हती!

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तू लग दोन भागांचा केलास, एक तुटला तर दुसरा भार घेईल. छान. पण पहिला तुटल्याचं कळणार कसं? १९७७ मध्ये लुसाकाजवळ एका बोइंग ७०७ च्या शेपटीचा आडवा पंख (स्टॅबिलायझर) उतरतानाच निखळला. तिथेही भाराला पर्यायी वाट ठेवलेली होती. पण मागच्या स्पारमधला थकव्याचा तडा तपासणीत कोणाला दिसलाच नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेचा नियम बदलला: तडा असणारच असं धरा, आणि तो धोक्याच्या लांबीला पोचण्याआधी सापडेल अशी तपासणी आखा.

बोइंग ७३७ एनजीचा पिकल फोर्क, म्हणजे पंख आणि धड जोडणारा दुफाटा तुकडा, ९०,००० उड्डाणांच्या हिशेबाने केलेला. २०१९ मध्ये प्रवासी विमानं मालवाहू करताना उघडली आणि त्यांत तडे दिसले. ३०,००० उड्डाणं झालेली विमानं सात दिवसांत तपासा, असा आदेश निघाला. म्हणजे पाहायला गेले दुसरंच, सापडलं हे.

तुझ्या लगवर फेअरिंगचा, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत आवरणाचा, पॅनेल आहे. त्याचे स्क्रू मी मोजले, चाळीस. आत सीलंटचा जाड थर, आणि दोन भागांमधल्या फटीत एडी करंटचा, म्हणजे विजेच्या भोवऱ्यांनी तडा शोधणारा, प्रोब शिरणार नाही. रात्रपाळीचा मेकॅनिक तिथे टॉर्च तरी कसा धरेल?

नवं ड्रॉइंग पाठव. त्यात प्रोब धरलेला हातही काढ, खऱ्या मापाचा.

तुझा,
जुना सहकारी