डिस्क गेली, मग व्हीएम का रांगतायत?

प्रश्न: महापेला आमचं छोटं सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच स्टोरेज बनवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर आहे, डेटाच्या तीन कॉपी ठेवणारं. परवा एक डिस्क गेली, रिकव्हरी (गेलेल्या कॉपी पुन्हा बनवणं) सुरू झाली आणि सगळ्यांचे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) रांगायला लागले, मॅक्स बॅकफिल्स (एका वेळी किती कॉपीकाम चालेल ती मर्यादा) कमी केलं तरी ढिम्म फरक नाही. काय चुकलं?

उत्तर: अहो, सेफच्या २०२२च्या क्विन्सी आवृत्तीपासून एमक्लॉक शेड्युलर (डिस्कचं काम कोणाला किती द्यायचं ते ठरवणारा) डिफॉल्ट आहे, त्याची ओव्हरराइड सेटिंग ऑन केल्याशिवाय तो तुमचा आकडा जुमानतच नाही. दिवसा व्हीएमना झुकतं माप देणारं हाय क्लायंट ऑप्स प्रोफाइल लावा, रात्री रिकव्हरीला देणारं हाय रिकव्हरी ऑप्स, ठाणे-बेलापूर रोड काय दुपारी खणतात का! एमक्लॉकने हार्डडिस्कचे आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनं) किती मोजलेत तेही बघा, फुगलेला आकडा असेल तर प्रोफाइल बदलून उपयोग नाही. मात्र एकच कॉपी उरली असेल तर शिव्या खा पण रिकव्हरी आधी, मिन साइझ (काम चालू राहायला किमान किती कॉपी हव्यात) २ असेल तर त्या डेटाचं आयओ (वाचन-लेखन) तसंही थांबलेलंच असतं.