दाखल्याच्या अर्जावर सही करू नका

प्रश्न : आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मुलगा सात वर्षांचा, खासगी विनाअनुदानित शाळेत दुसरीत आहे. त्याला ऑटिझम आहे. मधल्या सुट्टीची घंटा वर्गाच्या दाराशीच वाजते. ती वाजली की तो कान दाबून बाकाखाली शिरतो. मुख्याध्यापिका म्हणतात, स्वखर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्यासोबत राहून मदत करणारी शिक्षिका, ठेवा, नाहीतर दाखला न्या. ‘स्वखुशीने दाखला हवा’ असा छापील अर्जही हातात दिलाय. काय करू?

उत्तर : ताई, त्या अर्जावर सही करू नका. सही झाली की शाळेने मुलाला काढलं असं राहत नाही, तुम्हीच नेलं असं होतं. मग वकिलाच्याही हातात फारसं काही उरत नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर मात्र हा कायदा तिला लागत नाही, तेवढं आधी विचारून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये तशी सूट नाही, आणि तुमची खरी भिस्त त्याच्यावरच आहे. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे. मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता मुलांना घ्यावं, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, हे त्याच्या कलम 16 मध्ये आहे. पण शाळांकडून ते करून घेण्याची जबाबदारी त्या कलमाने सरकारवर टाकली आहे. म्हणून नुसतं मुख्याध्यापिकांना भेटून भागत नाही. लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. दोन्हीकडे आवकचा शिक्का मारून पोच घ्या.

अर्जात ‘सहकार्य करावे’ असं मोघम लिहू नका. घंटेच्या दोन मिनिटं आधी वर्गशिक्षिकेने त्याला सांगावं. त्याची जागा दारापासून लांब असावी. कान झाकायचे हेडफोन घालू द्यावेत. विशेष शिक्षकाची मदत मिळावी. शेवटची मागणी सोडली तर यात पैशाचा प्रश्नच नाही. घंटेला घाबरतो म्हणून सात वर्षांच्या पोराला शाळेबाहेर काढायचं, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर आजच अर्ज भरा. खासगी डॉक्टरांचा रिपोर्ट सोबत ठेवा, पण प्रमाणपत्राचं काम त्यावर होत नाही. मेडिकल असो की मेयो, नागपूरच्या ज्या सरकारी रुग्णालयात बोलावतील तिथे तपासणीला जावं लागेल. दिव्यांगत्वाची टक्केवारी 40 च्या खाली आली तरी दिव्यांग कायद्याचं कलम 16 त्याला लागू आहेच. 40 किंवा जास्त आली तर 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा तुमच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याच कायद्याचं कलम 31 देतं. ती निवड तुमची आहे. शाळेला तुमच्या वतीने ती करता येत नाही.

शिक्षणाधिकाऱ्यांकडून काहीच हललं नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यानंतर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे, पण लेखी अर्ज गेला की बहुतेक शाळा बोलणीला येतात.

आणि तो छापील अर्ज रागाने फाडू नका. कोणत्या तारखेला, कोणी, काय म्हणत दिला ते वेगळ्या कागदावर लिहून त्याला जोडा आणि फाइलला लावा. तुमच्याकडचा पहिला पुरावा तोच आहे.