सेन्सरवरील धूळ

प्रश्न : लेन्स बदलली तरी छायाचित्रांत आकाशाच्या भागात एकाच जागी करडा ठिपका दिसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रतिमा टिपणारा भाग) घरी स्वच्छ करावा का?

उत्तर : लेन्स बदलूनही ठिपका जागचा हलत नाही, त्याअर्थी धूळ सेन्सरवरच, नेमके सांगायचे तर सेन्सरपुढच्या काचेच्या फिल्टरवर बसली आहे. खात्रीसाठी अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/२२ इतके लहान ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून कोऱ्या पांढऱ्या कागदाचे छायाचित्र घ्यावे. अ‍ॅपर्चर लहान असताना कणाची सावली रेखीव पडते, एफ/४सारख्या मोठ्या अ‍ॅपर्चरला तीच पसरून दिसेनाशी होते. प्रतिमा सेन्सरवर उलटी पडत असल्यामुळे छायाचित्रात वर दिसणारा कण सेन्सरकडे समोरून पाहताना खालच्या बाजूला शोधावा.

प्रथम बॅटरी पूर्ण चार्ज करून मेनूतील सेन्सर-सफाईचा पर्याय निवडावा आणि लेन्स काढून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून, रबरी ब्लोअरने (दाबून हवा सोडणाऱ्या फुग्याने), त्याचे टोक आत न घालता, हवा मारावी; सुटी धूळ बहुधा एवढ्यानेच निघते. तोंडाने फुंकर मात्र कधीही मारू नये, कारण थुंकीचे सूक्ष्म थेंब काचेवर वाळून डाग पडतात. चिकट कणासाठी सेन्सरच्या रुंदीचा स्वॅब (मऊ टोकाची सफाईपट्टी) सेन्सर-सफाईच्या द्रवाच्या एकदोन थेंबांनी ओलावून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवावा आणि त्याची वापरलेली बाजू पुन्हा लावू नये. हात थरथरत असेल, तर हे काम निःसंकोच सेवाकेंद्राकडे सोपवावे.